चाकाखालचं पाणी

“दार का उघडलं?” चौकशी अधिकारी निमजे साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पाणी पाहाले, जी,” गुणवंतराव रामटेक्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

साहेबांनी हे उत्तर पहिल्या दोन वेळांप्रमाणेच लिहून घेतलं नाही. त्यांच्यापुढे जबाबाचा कागद होता आणि तो आदल्या दिवशीच टाइप होऊन आला होता. त्यात दार होतं, सीटबेल्ट होता, चालकाचा निष्काळजीपणा होता. पाणी तेवढं नव्हतं. बाकी सगळी चौकशी पूर्ण झाली होती. फक्त गुणवंतरावांची सही आणि गुणवंतराव स्वतः, एवढंच राहिलं होतं.

गडचिरोलीतल्या त्या सभागृहात बाहेर पाऊस आणि आत एसी, दोन्ही जोरात चालू होते. गुणवंतराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांचा डावा पाय टेबलाखाली सारखा फरशी दाबत होता. एकतीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेल्या माणसाचा तो क्लचचा पाय. नव्या गाडीला क्लचच नव्हता, त्यामुळे वर्षभरापासून तो पाय बेकार झाला होता आणि बेकार माणसासारखा नको तिथे वळवळत होता.

आलापल्लीच्या पुढे, जिथे मोबाईलला रेंज आहे की नाही हे झाडावर अवलंबून असतं, तिथल्या आरोग्य पथकावर त्यांची सगळी नोकरी गेली. एवढ्या काळात त्यांच्या चाकाखाली एकच कोंबडी आली होती, आणि ती स्वतःहून आली हे कोंबडीच्या मालकानेही मान्य केलं होतं. निवृत्तीला अडतीस दिवस उरले होते. आणि आता त्यांच्या हातून एक आख्खी रुग्णवाहिका नाल्यात गेली होती.

“हे पाहा,” प्रवीण म्हणाला. गाडीच्या कंपनीचा हा इंजिनिअर नागपूरहून आला होता. तिशीतला, इस्त्रीचा, स्वभावाने बरा. त्याने भिंतीवरच्या पडद्यावर आकड्यांची एक लांब उतरंड लावली होती. “गाडी दर सेकंदाला काय झालं ते लिहून ठेवते. चार वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद: चालकाचा सीटबेल्ट निघाला. अकरा सेकंद: चालकाचं दार उघडलं. बारा सेकंद: गाडी पार्किंगमध्ये गेली, हँडब्रेक लागला. सिस्टमनं जे करायला हवं तेच केलंय.”

“पाणी किती होतं, ते लिवलं का तिनं?”

“पाण्याचा सेन्सर नसतो, काका.”

“म्हणजे माह्याकडेच पाहून राह्यली होती ती,” गुणवंतराव म्हणाले. “नाल्याकडे नाई.”

शेजारी बसलेल्या रीता सिस्टरांनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. त्या दिवशी गाडीत मागे पेशंटजवळ त्याच होत्या.

गाडी गेल्या साली आली. एका उद्योगाने जिल्ह्याला अशा तीन गाड्या दान दिल्या होत्या. लोकार्पणाच्या दिवशी गाडीच्या नाकावर झेंडूचा हातभर जाड हार चढवला, नारळ फुटला, पाहुण्यांनी हिरवी झेंडी हलवली, आणि गाडी जागची हलली नाही. आतून एक बाई शांत आवाजात म्हणाली, “समोर अडथळा आहे. कृपया थांबावे.” पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं. समोर तेच उभे होते. ते बाजूला झाले. तरी बाई तेच म्हणाली. मग पोलीस बाजूला झाले, बँडवाले बाजूला झाले, शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि हार काढला. गाडी सुरळीत निघाली. पाहुणे मात्र त्या दिवसापासून जरा गप्प असतात, असं म्हणतात.

गुणवंतराव तिला ‘आतली बाई’ म्हणत. ती पुण्याचं मराठी बोलायची आणि प्रत्येक वाक्याला ‘कृपया’ लावायची, त्यामुळे तिच्यावर नीट चिडताही यायचं नाही. कमळाबाईंना, म्हणजे गुणवंतरावांच्या बायकोला, तिचं फार कौतुक. “तुमाले कोणी येवढं कृपया म्हणलं होतं का आजवर?” त्या विचारायच्या. नव्हतं म्हटलं, हे खरं होतं.

आणि पट्टा काढून दार उघडलं की गाडीने आपली आपण थांबून जावं, ही सोयही वाईट नव्हती. शहरात लोक घाईत उतरतात, गिअर तसाच राहतो, गाडी घरंगळते आणि मालकाच्याच अंगावर जाते. अशी माणसं मेलेली आहेत. म्हणून कोणीतरी भल्या माणसाने दूर कुठेतरी बसून तिला शिकवलं: पट्टा निघाला, दार उघडलं, म्हणजे ड्रायव्हर उतरतो आहे, तू थांब. त्याने नाला पाहिलेला नव्हता, एवढाच त्याचा दोष.

येरमगुड्याच्या नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. नाल्याच्या तळाशी टाकलेला सिमेंटचा रस्ता. पाणी थोडं असलं की त्याच्या पोटातल्या नळ्यांमधून जातं, जास्त झालं की डोक्यावरून. कठडे नसतात, कारण पुरात कठड्याला झाडोरा अडकला तर सगळा रपटाच उपटून जातो. गढूळ पाण्यात त्याची कड दिसत नाही. पण पाणी जिथे कडेवरून खाली पडतं तिथे एक बारीक वळी उठते, काठीच्या माराने अंगावर उठते तशी. ड्रायव्हर पट्टा सोडतो, दार अर्धं उघडतो, डाव्या हाताने स्टिअरिंग धरून बाहेर वाकतो आणि त्या वळीपासून चाक हातभर आत ठेवत गाडी काढतो. भामरागडपासून सिरोंच्यापर्यंत सगळे असंच करतात. हे कोणी शिकवत नाही. ज्याला जमलं नाही तो सांगायला आलेला नाही.

नव्या गाडीचा पहिला पावसाळा कोरडाच गेला होता, नाल्यांना गाडी अडवण्याएवढं पाणी आलं नव्हतं. या श्रावणात ते आलं. मागे येरमगुड्याची अंजनाबाई होती, साठीची, भाताच्या रोवणीत बोटाला घोणस चावलेली. पाणी पोटरीभर. गुणवंतरावांनी पट्टा सोडला, दार उघडलं, वाकले, वळी दिसली. तेवढ्यात गाडी नाल्याच्या मधोमध उभी राहिली.

“कृपया दरवाजा बंद करावा.”

त्यांनी दार ओढलं. ते लागलं नाही. वाहत आलेली पळसाची एक डहाळी दार आणि चौकटीच्या मध्ये बसली होती आणि वरून धार दाराला रेटत होती. दार लागल्याशिवाय गाडी गिअर घ्यायला तयार नव्हती. हँडब्रेक म्हणजे एक बटण. ते दाबलं की बाई पुन्हा तेच म्हणायची. गुणवंतरावांनी डहाळी दातांनी तोडून पाहिली, नखांनी कोरून पाहिली. पाणी पोटरीवरून गुडघ्यावर आलं, पायरीवरून आत आलं. शेवटी बाईचा आवाज ओला झाल्यासारखा जाड झाला आणि “कृपया”वरच थांबला.

हॉर्न तेवढा वाजत होता. तो ऐकून येरमगुड्याचे चार जण खाट घेऊन आले. अंजनाबाईला खाटेवर घातलं, खाट खांद्यावर घेतली आणि पायाने कड चाचपत पलीकडे नेली, त्यांच्या आज्याच्या वेळी न्यायचे तशीच. दोन किलोमीटरवर वनखात्याचा ट्रॅक्टर मिळाला. ती वाचली. उजव्या हाताचं एक बोट मात्र उशिरामुळे काढावं लागलं. गाडी दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला अर्जुनाच्या झाडाला टेकलेली सापडली, पाठ खाजवावी तशी.

“खिडकीतून पाहता आलं नसतं?” निमजे साहेबांनी आता विचारलं. प्रश्न नवा होता, म्हणून गुणवंतरावांना बरं वाटलं.

“खिडकीतून दूरचं पाणी दिसते, साहेब. चाकाखालचं नाई दिसत.”

“आणि पट्टा? निदान पट्टा तरी ठेवायचा.”

“बांधलेला माणूस वाकत नाई. आन गाडी पडली तं निंगत बी नाई.”

निमजे साहेबांनी चहा सांगितला. ते दुष्ट नव्हते. त्यांना साडेपाचच्या आत हे प्रकरण संपवायचं होतं, आणि त्यांनी ते समजावून सांगितलं. “रामटेके, सही केलीत तर तोंडी समज देऊन बंद करतो. तीस सप्टेंबरला शाल-श्रीफळ, फोटो, सगळं. नाही केलीत तर चौकशी उघडी राहील आणि तुम्ही चौकशीखालचे म्हणून घरी जाल. एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं. पाहा.”

गुणवंतराव चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आले. पावसाचा रंग पाहिला. दक्षिणेकडे, म्हणजे आलापल्लीच्या बाजूला, आभाळ तव्याच्या बुडासारखं होतं. त्यांनी कोलूला फोन लावला. कोलू त्यांच्याच पथकावरचा दुसरा ड्रायव्हर. गुणवंतरावांना कामावरून दूर केल्यापासून दुसरी तसलीच गाडी त्याच रस्त्यावर तो चालवत होता. रेंज नव्हती. पुन्हा लावला. सकाळपासून ही अकरावी वेळ.

प्रवीण त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला. सभागृहाच्या दाराबाहेर आल्याबरोबर त्याचं मराठी जरा सैल झालं.

“काका, माझं आजोळ वरोऱ्याचं. म्हणून सांगतो. करून टाका सही.”

“केली तं काय होते?”

“तुमचं प्रकरण मिटते.”

“माह्यं सोड, बाबू. गाडीचं काय होते?”

प्रवीणने कपातल्या सायीकडे पाहिलं. “ड्रायव्हरची चूक ठरली म्हणजे गाडी बरोबर ठरली. गाडी बरोबर असली तर तिच्यात कोणी काही बदलत नाही.”

“आन बदलाचं ठरलं तं लय काम असते का?”

“नाही हो. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक बरोबरची खूण काढली की झालं, दार उघडलं तरी गाडी थांबत नाही. पाच मिनिटं लागतात. पण त्याच्याआधी कोणीतरी वर लिहून पाठवावं लागते की आमचं चुकलं. ते लिहाले...” तो थांबला. “ते लिहाले माणूस नाही.”

“तू?”

“मी हप्ते भरतो, काका,” प्रवीण म्हणाला, आणि हसला नाही.

रीता सिस्टर आतून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवत आत गेल्या. त्यांच्या जबाबात लिहिलं होतं की, मी मागे पेशंटकडे पाहत होते, पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. त्यांची नोकरी अकरा-अकरा महिन्यांची होती, आणि हा दहावा महिना होता.

सगळे पुन्हा टेबलाशी बसले. निमजे साहेबांनी कागद गुणवंतरावांपुढे फिरवला, वर पेन ठेवला. त्याच वेळी गुणवंतरावांचा फोन वाजला. कोलू.

“घेऊ का, साहेब? रपट्याकडचा हाये.”

साहेबांनी मान हलवायच्या आधीच त्यांनी घेतला, आणि पाण्याच्या आवाजातून कोलू ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

“गुणवंतभाऊ, रपट्यापाशी उभा हावो मी. पाणी पोटरीच्या खाली हाये, पण चढून राह्यलं. मांगं निशा हाये, येरमगुड्याच्या धनराजची पोरगी. झटके येऊन राह्यले तिले. मले कड दिसत नाई, भाऊ. दार उघडू का नको?”

टेबलाखाली गुणवंतरावांचा डावा पाय फरशीवर घट्ट रुतला. उघड म्हणावं, तर गाडी मधोमध बसणार. उघडू नको म्हणावं, तर चाक कुठे जाईल ते पाण्यालाच ठाऊक. त्यांनी फोन उचलून टेबलाच्या मध्यभागी, फुलदाणीशेजारी ठेवला.

“साहेब, तुमीच सांगा त्याले. मी सांगतलं तं निष्काळजीपणा होते.”

निमजे साहेब फोनकडे वाकले. सवयीने आधी टाय सारखा केला. “हे पाहा... नियमाप्रमाणे पाणी उतरेपर्यंत वाहन थांबवावं.”

“कोण बोलून राह्यलं हे?” फोन म्हणाला. “पाणी उतराले उद्याची दुपार होते, जी. पोरीचे डोळे पांढरे झाले इथी.”

पडद्यावर आकड्यांची उतरंड तशीच होती: सात सेकंद, अकरा सेकंद, बारा सेकंद. प्रवीणने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावर अर्धा आडवा होऊन त्याने फोन ओढला आणि आजोळच्या भाषेत बोलला.

“कोलूभाऊ, आयका. पट्टा पाठीमांगून घ्या. तुमच्या पाठीच्या मांगून, सीटले लावून, आन खटका बसवा. बसला? आता दार उघडा. गाडीले वाटते तुमी बांधलेले हा. ते नाई थांबत.”

फोनमधून पट्टा सरकल्याचा, खटका बसल्याचा आवाज आला.

“हा कोण हाये, भाऊ?”

“गाडीचा माणूस हाये,” गुणवंतराव म्हणाले.

“मंग आतालोक कुठी होता?” कोलू म्हणाला, आणि रेंज गेली.

पुढची चौदा मिनिटं सभागृहात काही झालं नाही. एसी चालू होता. निमजे साहेबांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. रीता सिस्टर चेन उघडत नव्हत्या, लावत नव्हत्या. प्रवीणचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते, जणू टेबल वाहून जाईल. गुणवंतराव मात्र तिथे नव्हतेच. ते रपट्यावर होते. पहिल्या वीस हातांत रपटा डावीकडे जरा वळतो, तिथे कोलूला नेहमी घाई होते. मग मधला खळगा. मग पलीकडचा चढ, जिथे चिखलात मागची चाकं फिरतात. त्यांचा डावा पाय क्लच दाबत होता, सोडत होता, दाबत होता. त्यांनी मनातल्या मनात रपटा तीनदा ओलांडला, तेव्हा फोन वाजला.

“निंगालो, भाऊ. पोरगी बरी हाये. हेमलकशाच्या दवाखान्यात घेऊन चाललो.”

रीता सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. प्रवीणने लॅपटॉप बंद केला. पडदा पांढरा झाला.

निमजे साहेबांनी घसा साफ केला. “हा भाग,” ते म्हणाले, “इतिवृत्तात येणार नाही.” मग कागद बोटभर पुढे सरकवला. “करा सही.”

गुणवंतरावांनी कागद उचलून पूर्ण वाचला. तिथे बसलेल्यांपैकी तो वाचणारे ते पहिलेच होते. मग त्यांनी तो जसाच्या तसा खाली ठेवला.

“कोरा कागद मिळन का, साहेब?”

“कशाला?”

“यात पाणी नाई.”

कोरा कागद मिळाला. गुणवंतरावांचं अक्षर मोठं होतं, लॉगबुकात लिहून लिहून झालेलं. त्यांनी लिहिलं: ‘मी पट्टा काढला व दार उघडले, कारण रपट्याची कड दिसत नव्हती. गाडी आपोआप उभी राहिली. तिला पाणी दिसत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा दार उघडीन, कारण मला दिसते.’ प्रवीणचं नाव त्यांनी लिहिलं नाही. रीता सिस्टर खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, “बाई, तुमी मांगंच होत्या ना. तुमाले नाईच दिसलं. बरोबर लिवलं तुमी.” आणि सही केली.

साहेबांनी तो कागद दोन बोटांनी उचलला, ओला असल्यासारखा. “रामटेके, यानं चौकशी बंद होत नाही.”

“राहू द्या, जी,” गुणवंतराव म्हणाले, आणि चारच्या आलापल्ली गाडीला जायला उठले.

घरी कमळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “शालीचं मले काही नाई,” त्या म्हणाल्या. “तशा दोन हायेत आपल्याकडे. पण लोक म्हणतीन, गाडी बुडवून आला.”

“बुडालीच ना गाडी.”

“तुमी कोन्या पक्षाचे हा?” कमळाबाईंनी विचारलं.

त्यानंतर त्यांना घरी बसणं जमेना. सकाळी उठावं, आभाळ पाहावं, कोलूला फोन लावावा. कोलू पट्टा पाठीमागून लावत होता, दार उघडत होता, बाई गप्प राहत होती. तरी गुणवंतरावांचा पाय जेवतानासुद्धा पाट दाबायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रवीणचा फोन आला. आवाज अगदी खाली.

“काका, तो पाठीमागचा खटका कोणीतरी वर पोचवला. नवीन अपडेट येऊन राह्यलं. उद्या-परवा गाडी आपली आपण घेईन. मग पट्टा असो का नसो, दार उघडलं की थांबणार.”

“आन तुह्या ऑफिसातली ती खूण?”

“तुमचा कागद मी वर पाठवला होता, काका. त्याच्यावर शेरा आला. अभ्यास सुरू आहे म्हणे.” तो थांबला. “मी एवढंच करू शकतो. सांगून ठेवतो.”

“बरं केलं सांगतलं,” गुणवंतराव म्हणाले. ते खरोखरच बरं केलं होतं. दोन दिवसांनी कोलूने सकाळी गाडी चालू केली तेव्हा बाई म्हणाली, “आपले वाहन आता अधिक सुरक्षित झाले आहे.” कोलूने तिला जे उत्तर दिलं ते झाडीबोलीत होतं आणि तिला कळलं नसावं.

गुणवंतराव त्याच दिवशी येरमगुड्याला गेले. अंजनाबाई अंगणात बसून चार बोटांनी तांदूळ निवडत होती.

“हात कसा हाये, बाई?”

“नऊ हायेत अजून,” ती म्हणाली. “तुमाले काय पाह्यजे ते सांगा.”

“बांबू.”

“किती?”

“रपट्याच्या दोन्ही कडेनं लावाचे हायेत. सरळ वीसेक.”

तिने खाटेवाल्या चौघांपैकी चैतूला हाक मारली. दुपारपर्यंत पंचवीस बांबू निघाले. गुणवंतरावांनी त्यांना टोकापासून हातभर चुना फासला. पाणी उतरलं होतं तेवढ्यात ते रपट्याच्या कडेबाहेर, दगडांच्या सांदीत, दोन्ही बाजूंनी ठोकले आणि बुडाशी दगड दाबले. कठडा लावला तर रपटा जातो. बांबूला झाडोरा अडकला तर बांबूच जातो. तीन दिवसांनी पाणी चढलं आणि सात बांबू गेले. त्यांनी सात पुन्हा लावले. मग चार गेले, चार लावले. चौकशीखालचा माणूस असल्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता.

तीस सप्टेंबरला पथकावर कार्यक्रम झाला नाही. सकाळी रीता सिस्टर एकट्याच त्यांच्या घरी येऊन पेढ्यांचा पुडा देऊन गेल्या आणि पायरीवरूनच परतल्या. गुणवंतरावांनी त्यातला एक पेढा खाल्ला, छत्री घेतली आणि येरमगुड्याच्या एसटीत बसले.

रपट्यावर पोटरीभर पाणी होतं. बांबूंच्या पांढऱ्या टोकांच्या दोन रांगा नाल्याच्या पार जात होत्या. काही टोकं सरळ, काही जरा कललेली. दुपारी तीनच्या सुमाराला येरमगुड्याकडून रुग्णवाहिका आली. कोलूने पाण्याच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

“भाऊ, तुमच्या बांबूले पाहून गाडी लय बोंबलते. एकेका बांबूले ओरडते. उजवीकडे अडथळा, डावीकडे अडथळा. डोकं उठलं माह्यं.”

“ओरडू दे. थांबते का?”

“थांबत नाई.”

“दार?”

“नाई उघडलं. कालपण नाई.”

“मंग जाय.”

कोलूने काच वर केली. गाडी दोन्ही रांगांच्या मधून हळू पाण्यात शिरली. बंद काचेतूनही बाईची कुरकुर ऐकू येत होती. मधल्या खळग्यापाशी एक बांबू धारेने आडवा व्हायला आला होता. गुणवंतरावांनी छत्री काठावर ठेवली, पायजमा मांडीपर्यंत गुंडाळला आणि गाडीच्या मागोमाग पाण्यात उतरले. बांबू दोन्ही हातांनी उभा केला, पायाच्या अंगठ्याने खालचा दगड चाचपून त्याच्या बुडाशी ढकलला, आणि गाडी पलीकडचा चढ चढून झाडांत दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच धरून उभे राहिले.